अहवालात नफा, बँकेत खडखडाट: अडचणीत आलेली खत-बियाण्यांची सहकारी संस्था सावरायची कशी

खत-बियाणे पुरवणाऱ्या सहकारी संस्था तोट्यामुळे बंद पडतात, असा एक समज आहे. हिशेबतपासनीस म्हणून मी ज्या बुडालेल्या संस्थांची दप्तरं उलगडली, त्यातल्या बहुतेकींच्या शेवटच्या अहवालात थोडाफार नफाच दिसत होता. रोकड तेवढी नव्हती. पैसा गोदामातल्या थप्प्यांत आणि उधारीच्या खतावणीत जाऊन बसला होता. तो बाहेर काढायला कुणी धजावत नव्हतं, कारण जुना माल काढायचा तर खरेदीतली चूक कबूल करावी लागते, आणि उधारी वसूल करायची तर ओळखीच्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं.

पिकांचे भाव पडले, बँकेने कर्जमर्यादा आवळली, पुरवठादाराने आगाऊ पैसे मागितले, की हे सगळं एकदम उघडं पडतं. अशा वेळी काय करायचं, हे खाली ज्या क्रमाने दिलं आहे त्याच क्रमाने करा. बरीच संचालक मंडळं विजेचं बिल, स्टेशनरी आणि रात्रीचा वॉचमन यांच्यापासून सुरुवात करतात. तिथे फारसं काही हाती लागत नाही.

पायरी १: आठ दिवस फक्त मोजा

पहिल्या आठवड्यात एकही निर्णय घेऊ नका. साठा प्रत्यक्ष मोजा, आणि तो स्टोअरकीपरच्या रजिस्टरवरून नव्हे, थप्पीवरून. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची असा गुणाकार करून पोत्यांचा आकडा काढण्याची पद्धत सगळीकडे आहे. एका संस्थेत मी तसाच आकडा काढला आणि तो रजिस्टरशी तंतोतंत जुळला. सही करणार, तेवढ्यात हमालाने विचारलं, ‘साहेब, वरून बघितलंत का?’ शिडी लावून वर चढलो, तर थप्पी मधून पोकळ. चारी बाजूंनी पोत्यांची भिंत रचलेली आणि आत माणूस झोपेल एवढी जागा. तेव्हापासून मी निदान तीन थप्प्या तरी उतरवून मोजायला लावतो.

साठ्याबरोबरच उधारीची यादी काढा आणि पुरवठादारांचं देणं काढा. मग तीन आकडे लिहा. माल गोदामात सरासरी किती दिवस पडून राहतो, विकल्यावर पैसे किती दिवसांनी येतात आणि पुरवठादार आपल्याला किती दिवसांची मुदत देतो. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा केला, की संस्थेचा पैसा किती दिवस अडकून राहतो ते कळतं.

समजा वर्षाची विक्री ३,६५० आहे; चलन तुमचं तुम्ही धरा. म्हणजे रोजची विक्री १०. माल ९० दिवस पडून राहतो, उधारी १२० दिवसांनी येते, पुरवठादार ३० दिवस थांबतो. ९० अधिक १२० वजा ३०, म्हणजे १८० दिवस. ढोबळमानाने १,८०० एवढी रक्कम कायम अडकलेली. त्यावर बँकेचं १२ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २१६, म्हणजे विक्रीच्या जवळपास ६ टक्के. खतविक्रीत सुटणारं मार्जिन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बऱ्याच संस्था वर्षभर राबतात त्या बँकेसाठी.

आता साठा ९०चा ६० दिवसांवर आणि उधारी १२०ची ९० दिवसांवर आणली, तर ६०० मोकळे होतात. नवं कर्ज न काढता, नवा सभासद न करता. पुढच्या तीन पायऱ्या याच ६००साठी आहेत.

पायरी २: तेरा आठवड्यांचा तक्ता

वार्षिक अंदाजपत्रक अडचणीच्या काळात कामाला येत नाही. एका मोठ्या कागदावर तेरा रकाने आखा, एका आठवड्याला एक. वर हातातली रोकड, खाली येणारा पैसा, त्याखाली जाणारा पैसा, तळाला शिल्लक. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने, साधारण एक हंगाम नजरेच्या टप्प्यात येतो.

येणाऱ्या पैशात फक्त खात्रीचा पैसा धरा. ‘पीक निघालं की देतो’ असं कुणी म्हटलं असेल, तर तो आकडा पीक निघण्याच्या आठवड्यात नको, त्यानंतर तीन आठवड्यांनी लिहा आणि अर्धाच लिहा. ज्या आठवड्यात तळाची शिल्लक उणे होते, त्याच्या चार आठवडे आधी बँकेत जा. चेक परत गेल्यावर गेलेला व्यवस्थापक आणि तक्ता हातात घेऊन महिनाभर आधी गेलेला व्यवस्थापक, यांच्याशी बँकेचा अधिकारी अगदी वेगळ्या आवाजात बोलतो.

तक्ता दर सोमवारी नव्याने भरा. मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक शेजारी लाल शाईने लिहा. पहिले तीन-चार आठवडे लाल शाई फार लागते; घाबरू नका.

पायरी ३: गोदाम हलकं करा

सगळा साठा वयाप्रमाणे चार गटांत लावा: या हंगामात विकला जाणारा, पुढच्या हंगामात चालेल असा, मुदत जवळ आलेला, आणि मेलेला. आधी आलेला माल आधी काढायचा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. आपल्या धंद्यात तो पुरत नाही, कारण उशिरा आलेल्या मालाची मुदत कधीकधी आधी संपते. ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा. त्यासाठी खोक्यावर मुदतीचा महिना मार्करने ठळक लिहून ती बाजू वाटेकडे ठेवा.

बियाण्यांना सर्वांत जास्त जपावं लागतं. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक जुना आडाखा आहे: बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी केला तर त्याचं साठवणीतलं आयुष्य दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसने कमी केलं तरी दुप्पट होतं. हे उलटही लागू पडतं. पत्र्याखाली तापलेल्या दमट गोदामात पडलेलं बियाणं पिशवीवरची तारीख यायच्या आधीच दम तोडू शकतं. म्हणून शिल्लक बियाणं सवलतीत काढण्याआधी उगवण तपासा. प्रयोगशाळेत त्यासाठी ४०० दाणे लावतात. घरच्या अंदाजासाठी ओल्या कागदाच्या गुंडाळीत १०० दाणे लावले तरी दिशा कळते. उगवण घसरली असेल तर ते बियाणं सभासदाला कुठल्याच भावात देऊ नका. स्वस्तात मिळालं हे तो विसरतो, उगवलं नाही हे त्याची पुढची पिढीही विसरत नाही.

खतांचा शत्रू दमट हवा. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांवर गेली की उघडा युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो. अमोनियम नायट्रेट तर ५९ टक्क्यांनाच. आणि ही दोन्ही खतं कोरडी एकत्र झाली तर १८ टक्के आर्द्रतेलाही पाझरू लागतात, म्हणजे एरवी कोरड्या वाटणाऱ्या हवेतसुद्धा चिखल. फाटलेल्या पोत्यातलं सांडलेलं खत झाडून एकाच पोत्यात भरण्याची सवय म्हणूनच मोडा. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर, थप्पीवर प्लॅस्टिक आणि पावसाळी हवेत दारं बंद. एवढ्याने खड्यांची तक्रार बरीच कमी होते. खडे झालेलं पण न भिजलेलं खत गुणाने वाया गेलेलं नसतं. ते फोडून, तसं सांगून, थोड्या कमी भावात द्या.

मुदत संपलेली फवारणीची औषधं मात्र ‘अर्ध्या किमतीत काढून टाकू’ या यादीत कधीही घालू नका. मुदतीच्या सहा महिने आधी कंपनीला लेखी कळवा आणि परत घ्यायला लावा. पुढच्या खरेदीच्या करारातच परतीची अट घाला. मेलेल्या गटातला बाकी माल या वर्षीच ताळेबंदातून कमी करा. तोटा दिसेल. तो झालेलाच आहे.

पायरी ४: उधारी

या कामापासून सगळे पळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

१८४४च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे कामगारांनी सहकारी दुकान उघडलं. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांतला एक होता रोखीने विक्रीचा. आधीची अशी दुकानं उधारीने बुडालेली त्यांनी पाहिली होती. शेतीत मात्र तो नियम जसाच्या तसा चालत नाही. शेतकऱ्याचा पैसा पीक निघाल्यावर येतो आणि खत त्याला पेरणीला लागतं. म्हणून उधारी द्यावी लागेल. प्रश्न फक्त ती कुणाच्या पैशातून द्यायची आणि कुठे थांबायचं, हा आहे.

आधी यादीचं वय काढा. मुदतीतली, एक हंगाम उलटलेली, दोन हंगाम उलटलेली, त्याहून जुनी. मग त्याच यादीतून संचालकांची, त्यांच्या नातलगांची आणि कर्मचाऱ्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा. वसुली इथून सुरू करायची. जोवर अध्यक्षांच्या भावाचं खातं थकलेलं आहे, तोवर वसुलीला गेलेल्या कारकुनाला कुणीही दारात उभं करणार नाही, आणि त्यात चूक काय? एका संस्थेत अध्यक्षांनी सभेत उठून स्वतःची थकबाकी भरली आणि पावती टेबलावर ठेवली. त्या महिन्यात जी वसुली झाली, ती आधीच्या सबंध वर्षात झाली नव्हती.

बाकीच्यांकडे जाताना दोघांनी जा: एक संचालक आणि एक हिशेब जाणणारा. खात्याचा उतारा बरोबर न्या. निम्मे वाद ‘एवढं नाहीच माझ्याकडे’ याचे असतात आणि त्यातल्या काहींत सभासदाचंच बरोबर निघतं. बोलणं साधं ठेवा.

‘दादा, हा उतारा. यात काही चुकलंय का, तेवढं आधी बघा.’

‘आकडा बरोबर आहे. पण या वर्षी काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे.’

‘माहीत आहे. म्हणून एकदम मागत नाही. तीन हप्ते पाडू. पहिला कधी जमेल, ते तुम्हीच सांगा.’

तारीख त्याच्या तोंडून यायला हवी. ती तिथेच लिहा, सही घ्या, एक प्रत त्याला द्या. ज्याचं पीक खरोखर गेलं आहे त्याला मुदत वाढवून द्या, व्याजात जमेल तेवढी सूट द्या, पण मुद्दल सरसकट माफ करू नका. ८ टक्के मार्जिनवर १,००० बुडाले, तर ते भरून काढायला १२,५०० ची नवी विक्री करावी लागते. ही विक्री कुणाला करणार, हे सूट मागणाऱ्याला नाही, सूट देणाऱ्या संचालकांना विचारा.

जो देऊ शकतो आणि देत नाही, त्याला पुढचा माल रोखीने. हे मंडळाच्या ठरावात लिहिलेलं असावं, म्हणजे काउंटरवरच्या पोराला भांडावं लागत नाही. प्रत्येक खात्याला मर्यादा ठरवा: त्याचं क्षेत्र, पीक आणि मागच्या तीन हंगामांची परतफेड बघून. १८६४ मध्ये रायफायझन यांनी जर्मनीतल्या हेडेसडॉर्फमध्ये ग्रामीण पतसंस्था उभी केली तेव्हा सभासदांची जबाबदारी अमर्याद होती. एकाचं कर्ज बुडालं तर झळ सगळ्यांना, त्यामुळे कर्ज कुणाला द्यायचं यावर सगळ्यांचीच नजर असे. आज तेवढी कडक जबाबदारी कुणी घेणार नाही. पण मर्यादा ठरवणाऱ्या समितीत त्याच शिवारातले दोन सभासद घेतले, तर त्या माहितीचा फायदा फुकट मिळतो.

रोखीने घेणाऱ्याला सूट द्या आणि ती दिसेल अशी द्या, पावतीवर वेगळ्या ओळीत. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे देणारा सभासद थकबाकीदाराचं व्याज भरत असतो. हे त्याला कुणी सांगत नाही, पण कळतं. शेवटी संस्था सोडून बाहेरून माल घेऊ लागतो तो तोच.

पायरी ५: खरेदी तुकड्यांत

२००८च्या मध्यावर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताचा जागतिक भाव टनाला हजार डॉलरच्या वर गेला होता. वर्ष संपेपर्यंत तो अर्ध्याच्याही खाली आला. ‘अजून वाढेल’ म्हणून गोदामं भरून ठेवणारे तेव्हा अडकले. २०२१-२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायू महागला, अमोनियाचे कारखाने मंदावले, खतं भडकली आणि नंतर पुन्हा उतरली. अमोनियाच्या उत्पादनखर्चात वायूचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे नत्रयुक्त खत घेणाऱ्याने वायूच्या भावावर नजर ठेवावी. पण भाकीत करू नये. तो आपला धंदा नाही.

हंगामाची गरज चार भागांत घ्या. पहिला भाग सभासदांकडून आगाऊ नोंदणी घेऊन: थोडी रक्कम आधी भरा, पोतं तुमच्या नावाने राखून ठेवू. यात खेळतं भांडवल मिळतं आणि मागणीचा खरा आकडाही कळतो. उरलेले भाग महिन्याच्या अंतराने. सर्वांत स्वस्त भाव कधीच मिळणार नाही, सर्वांत महागही मिळणार नाही.

भाव पोत्याचा बघू नका, अन्नद्रव्याचा बघा. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात २३ किलो. अमोनियम सल्फेटमध्ये २१ टक्के, म्हणजे साडेदहा किलो. पोतं स्वस्त दिसलं तरी किलोमागे नत्र महाग पडू शकतं. मात्र अमोनियम सल्फेटमध्ये २४ टक्के गंधकही असतं आणि जमिनीला ते हवं असेल तर हिशेब पुन्हा पालटतो. हा तक्ता काउंटरमागे मोठ्या अक्षरात लावा. माती परीक्षणाचा कागद घेऊन येणाऱ्याला कमी खत विकावं लागेल, विक्रीचा आकडा घटेल. घटू द्या. त्याचे पैसे वेळेवर येतील.

हातातला माल १००ने घेतलेला आणि बाजार ८०वर आला, तर ८०ने विका. संस्थेने काय भावाने घेतलं याच्याशी बाजाराला देणंघेणं नसतं. आणि ‘आपली संस्था आहे, जरा महाग घ्या’ हे सभासद एकदा ऐकेल.

पुरवठादाराशी बोलताना मुदतीबरोबर सूटही विचारा. ३० दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट मिळत असेल, तर ते २० दिवसांसाठी २ टक्के, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ३६ टक्क्यांच्या आसपास. बँकेच्या पैशानेसुद्धा ही सूट घेणं परवडतं. चालणाऱ्या खताबरोबर न चालणारं काहीतरी गळ्यात मारलं जात असेल, तर शेजारच्या दोन-तीन संस्थांना बरोबर घेऊन एकत्र खरेदीला बसा. अख्ख्या ट्रकची ऑर्डर देणाऱ्याला असं कमी वेळा ऐकवलं जातं. इफ्को ही खतं बनवणारी सहकारी संस्था १९६७ मध्ये ५७ सहकारी संस्थांनी मिळून उभी केली. एकत्र येण्याची कल्पना जुनीच आहे, सुरुवात एका ट्रकने केली तरी चालते.

पायरी ६: खर्च

कर्ज न वाढवता बंद करता येईल ते बंद करा: महिन्यातून चार दिवस चालणारी शाखा, भाड्याचं रिकामं गोदाम, उभी असलेली गाडी. माणसं कमी करण्याआधी हंगामाबाहेरचे तास कमी करा. शेतीचा सल्ला देणारा जाणकार माणूस आणि गोदाम सांभाळणारा प्रामाणिक माणूस, या दोघांना शेवटपर्यंत हात लावू नका.

पायरी ७: सभासदांपुढे आकडे ठेवा

वरचं सगळं गुपचूप करता येत नाही. बातमी फुटतेच, आणि फुटलेली बातमी खऱ्यापेक्षा मोठी असते. विशेष सभा बोलवा आणि एका पानावर पाच आकडे छापून द्या: रोकड, साठा, थकबाकी, बँकेचं देणं, पुरवठादारांचं देणं. थकबाकीत संचालकांची किती, हे स्वतंत्र ओळीत.

मग भांडवल मागा. १९९५ मध्ये मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने जी सात तत्त्वं मांडली, त्यातलं तिसरं सभासदांच्या आर्थिक सहभागाचं आहे. वाढाव्याच्या, म्हणजे खर्च जाऊन उरलेल्या पैशाच्या, वापरात राखीव निधीचा उल्लेख तिथे व्यवहाराच्या प्रमाणातल्या परताव्याच्या आधी येतो. दोन-तीन वर्षं लाभांश थांबवा. प्रत्येक पोत्यामागे छोटी रक्कम सभासदाच्या नावे भाग म्हणून जमा करा, म्हणजे जो जास्त व्यवहार करतो त्याचं भांडवल जास्त. ती कधी परत मिळेल हे आधीच लिहून द्या.

कर्ज काढून विस्तार करण्याचा सल्ला या सभेत कुणीतरी देईलच. अमेरिकेतली फार्मलँड इंडस्ट्रीज १९२९ साली सुरू झालेली, पाच लाखांहून अधिक शेतकऱ्यांशी जोडलेली, स्वतःचे खतकारखाने असलेली सहकारी संस्था होती. डोक्यावर मोठं कर्ज, त्यात वायू महाग आणि खत स्वस्त, अशा कात्रीत ती सापडली आणि मे २००२ मध्ये तिला दिवाळखोरी संरक्षणासाठी न्यायालयात जावं लागलं. सल्ला देणाऱ्याला एवढं सांगून खाली बसवा.

पायरी ८: विलीनीकरण, वेळेत

तेरा आठवड्यांचा तक्ता सलग दोन वेळा उणे संपला, तर शेजारच्या संस्थेशी बोलणी सुरू करा. तेव्हा तुमच्याकडे सभासद, गोदाम आणि नाव असतं. आणखी वर्षभराने फक्त देणी उरतात. अमेरिकेतली सीएचएस ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९९८ मध्ये अशीच दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली, आणि त्या दोन्ही तेव्हा चालत्या होत्या.

बोलणीत तीन कागद मागा आणि तुमचेही तेच तीन द्या: वयानुसार उधारीची यादी, मुदतीनुसार साठ्याची यादी आणि संस्थेने दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमींची यादी. तिसरी यादी सहसा ‘शोधतो’ म्हणून टाळली जाते. ती मिळेपर्यंत सही करू नका. आणि सहीच्या आदल्या दिवशी त्यांच्या गोदामात एक चक्कर मारा. शिडी बरोबर न्या.